वर्कहाउस इन्फर्मरी

इंग्लंड व वेल्समधील वर्कहाउसला जोडलेला गरिबांचा रुग्णविभाग. वर्कहाउस म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात निवारा व अन्न देणारी सार्वजनिक संस्था; आपल्याकडची धर्मशाळा किंवा अन्नछत्र नव्हे. धडधाकट माणसाने मदत मागायलाच धजू नये, म्हणून १८३४ च्या कायद्याने तेथील जिणे मुद्दाम नकोसे ठेवले होते. प्रत्यक्षात आत भरले ते म्हातारे, अपंग, क्षयरोगी आणि अविवाहित गर्भवती. देणग्यांवर चालणारी रुग्णालये जुनाट, सांसर्गिक व गुप्तरोगाचे रोगी सहसा नाकारत. त्यांना दुसरे दारच नव्हते.

जुन्या इमारतींत खाटा अरुंद, छत ठेंगणे आणि एकच टॉवेल अनेकांत असे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १८६५ मध्ये लंडनच्या इन्फर्मरींची पाहणी करून हे उघड केले. १८६७ च्या कायद्यानंतर लंडनमध्ये रोग्यांसाठी स्वतंत्र इमारती उभ्या राहू लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या शहरांत ‘पॅव्हिलियन’ पद्धतीचे वॉर्ड दिसत: लांबट दालन, दोन्ही भिंतींना समोरासमोर उंच खिडक्या, खिडक्यांच्या मधे भिंतीला उशाची बाजू लावून खाटा. शौचकूप व मोरी टोकाच्या मनोऱ्यात. वॉर्ड व मनोरा यांच्या मधल्या बोळात दोन्हीकडून वारा खेळता असे, म्हणजे दुर्गंधी वॉर्डात शिरत नसे. साध्या रोग्यामागे ८५० घनफूट (सुमारे २४ घनमीटर) हवा असावी, असे ठरले होते. पण शेगडीची ऊब निघून जाईल या भीतीने खिडक्या बंद राहिल्या, की हे गणित कागदावरच राही.

खरा प्रश्न शुश्रूषेचा होता. पूर्वी वर्कहाउसमधल्याच बाया रोग्यांचे करत. मोबदला म्हणून त्यांना जादा जेवण किंवा बिअर मिळे. अनेकींना बाटलीवरची चिठ्ठी वाचता येत नसे. रोग्यासाठी लिहून दिलेली ब्रँडी त्याच्यापर्यंत पोचेलच, याची खात्री नसे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला वेळोवेळी कुशीवर वळवावे लागते, भिजलेली चादर लगेच काढावी लागते, माकडहाड व टाचा पुसून कोरड्या ठेवाव्या लागतात. यात हयगय झाली की कातडी लाल होते, फुटते आणि जखम हाडापर्यंत जाते. रात्री अनेक वॉर्ड एकाच परिचारिकेच्या भरवशावर असले, तर हे टाळणे तिच्याही हातात नसे. शय्याव्रण म्हणजे अपुऱ्या मनुष्यबळाची उघडी खूणच.

लिव्हरपूलच्या ब्राउनलो हिल वर्कहाउसमध्ये १८६५ साली परिचारिका ॲग्नेस जोन्स १२ प्रशिक्षित परिचारिकांसह रुजू झाल्या. लिव्हरपूलचे दानशूर व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी पैसा पुरवला. आश्रित बायांना हाताशी धरून शिकवण्याचा प्रयोग मात्र फसला; दारूपायी अनेकींना काढावे लागले. जोन्स १८६८ मध्ये टायफस या सांसर्गिक तापाने गेल्या. आश्रितांकडून शुश्रूषा करून घेण्यास सरकारी आदेशाने बंदी आली, ती थेट १८९७ मध्ये. खेड्यांतल्या लहान वर्कहाउसना शिकलेल्या परिचारिका मिळवणे त्यानंतरही जड जाई.

कलंक मात्र इमारतीला चिकटलाच. १९०४ पासून तेथे जन्मलेल्या मुलांच्या दाखल्यावर वर्कहाउसऐवजी रस्त्याचा साधा पत्ता लिहिण्याची सोय झाली. १९३० मध्ये इन्फर्मरी स्थानिक कौन्सिलांकडे गेल्या, १९४८ मध्ये त्यांपैकी बऱ्याच राष्ट्रीय आरोग्य सेवेत आल्या. लीड्सचे सेंट जेम्स रुग्णालय अशाच वर्कहाउसच्या आवारात वाढले. नावे बदलली तरी अशा रुग्णालयांत दाखल व्हायला कित्येक वृद्ध पुढेही नकार देत. त्यांच्या लेखी ते वर्कहाउसच होते.