एकाच 'आहे'चे दोन अर्थ: घटक की उपसंच?

'ही गाडी शिवनेरी आहे.' 'शिवनेरी ही बस आहे.' बोलताना दोन्हीकडे एकच 'आहे' चालतं, कुणाचं काही अडत नाही. पण एसटीच्या आरक्षणासारख्या प्रणालीचं मॉडेल मांडायला बसलं की या दोन 'आहे'ची फारकत करावीच लागते.

पहिलं वाक्य एकाच गाडीबद्दल आहे. डेपोत उभी असलेली, नंबरप्लेटवाली गाडी ग ही शिवनेरी या संचाचा घटक: ग ∈ शिवनेरी. दुसरं वाक्य कुठल्याच एका गाडीबद्दल नाही. शिवनेरींचा अख्खा संच बसच्या संचात मावतो, एवढंच ते सांगतं: शिवनेरी ⊆ बस. विधेय तर्कशास्त्रात (तिथे वस्तूबद्दल काही सांगणारा शब्द म्हणजे विधेय, आणि ती वस्तू त्याच्या कंसात) लिहिलं तर पहिलं नुसतं शिवनेरी(ग). दुसरं मात्र ∀क्ष (शिवनेरी(क्ष) → बस(क्ष)), म्हणजे जी जी शिवनेरी ती ती बस. हे 'जी जी, ती ती' मूळ वाक्यात दिसतसुद्धा नाही.

इथवर नववीच्या 'संच' या धड्यातलंच आहे. खरा घोळ घालतं ते तिसरं वाक्य: 'शिवनेरी हा सेवाप्रकार आहे.' इथे शिवनेरी म्हणजे गाड्यांचा ताफा नव्हे, तर साधी, शिवशाही, शिवनेरी या यादीतली एक नोंद. म्हणजे शिवनेरी ∈ सेवाप्रकार. आता साखळी जोडून बघा. ग ∈ शिवनेरी, शिवनेरी ⊆ बस, म्हणून ग ∈ बस. बिनचूक. ग ∈ शिवनेरी, शिवनेरी ∈ सेवाप्रकार, म्हणून ग ∈ सेवाप्रकार? नंबरप्लेटवाली गाडी हा सेवाप्रकार कसा होईल?

भाड्याचा दर सेवाप्रकाराला चिकटतो, नंबरप्लेट गाडीला. दोन्ही नोंदी एकाच तक्त्यात कोंबल्या की 40 गाड्यांच्या डेपोत 43 गाड्या मोजल्या जातात, आणि त्यातल्या तिघींना चाकंच नसतात. असा तक्ता मी एकदा केलेला आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

प्रथम श्रेणीच्या, म्हणजे वर वापरलेल्या साध्या विधेय तर्कशास्त्रात तर सेवाप्रकार(शिवनेरी) असं लिहिताच येत नाही, कारण शिवनेरी हे स्वतःच विधेय आहे आणि विधेयाच्या कंसात वस्तूच बसते. मग शि नावाची एक वस्तू मानायची आणि प्रकार(ग, शि) असा संबंध लिहायचा. डेटाबेसवाले त्यालाच फॉरेन की (दुसऱ्या तक्त्यातल्या नोंदीकडे बोट दाखवणारा रकाना) लावणं म्हणतात.

रिकाम्या संचाचीही एक खोच आहे. नवा प्रकार नोंदला, पण त्याची एकही गाडी अजून आली नाही, तरी 'तो बसचा उपसंच' हे विधान खरंच राहतं. ते खोटं पाडायला गाडी हवी ना! 'निदान एक गाडी आहे' हे ∃ वापरून वेगळं लिहावं लागतं.

गंमत म्हणजे ∈ हे चिन्हच मुळात 'आहे' आहे. इटालियन गणिती जुझेप्पे पेआनोने 1889 मध्ये त्यासाठी एप्सिलॉन वापरला. ग्रीक 'एस्ति'चं हे पहिलं अक्षर, आणि 'एस्ति' म्हणजे आपल्या संस्कृत 'अस्ति'ची सख्खी बहीण.

झेड या मॉडेलिंगच्या भाषेत ∈ आणि ⊆ वेगळे आहेत. एमआयटीच्या डॅनियल जॅक्सन यांच्या तशाच दुसऱ्या भाषेत, अ‍ॅलॉयमध्ये मात्र दोन्हींसाठी एकच शब्द, 'इन'. तिथे एकटी गाडीही एका घटकाचा संच मानतात, म्हणून घटक आणि उपसंच हा भेदच उरत नाही. लिहायला सुटसुटीत, मलाही आवडतं. पण संचांचा संच अ‍ॅलॉयमध्ये नाही, त्यामुळे तिसरं वाक्य आलं की तिथेही शि ही वस्तू करून संबंधच जोडावा लागतो.