पुढचं पान कोण लिहिणार?

आमच्या सोसायटीतल्या भिशीची वही गेली कित्येक वर्षं एकाच काकूंकडे आहे. कुणी पैसे भरले, कुणाचा नंबर लागला, कुणाचे दोनशे राहिले, सगळं त्या वहीत. काकूंनी मनात आणलं तर एखादी ओळ बदलू शकतात, पण त्या तसं करणार नाहीत या विश्वासावर भिशी चालते. बँकेचंही तेच. फक्त वहीच्या जागी सर्व्हर, आणि काकूंवर रिझर्व्ह बँकेची नजर.

आता वहीची एकेक प्रत प्रत्येकीकडे ठेवली, तर नवी ओळ कोणी लिहायची? हात वर करून ठरवू म्हटलं तर सोसायटीत जमेल. इंटरनेटवर एकाच माणसाला हजार खाती काढून हजार हात वर करता येतात. बिटकॉइन, इथर, सोलाना ही सगळी क्रिप्टोचलनं, म्हणजे फक्त संगणकावर फिरणारी नाणी, म्हणजेच या एकाच अडचणीवर काढलेल्या वेगवेगळ्या तोडी आहेत. त्यांच्या भावाबद्दल मी काही लिहिणार नाही. ते सांगायला व्हॉट्सअॅपवर तज्ज्ञ भरपूर आहेत.

पहिली तोड सातोशी नाकामोतो या टोपणनावाने निघाली. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या वहीचं पहिलं पान, म्हणजे पहिला ब्लॉक, लिहिला गेला. निबंध लिहिणारा एक माणूस होता की अनेक, हे आजही गूढ आहे.

या वहीचा कणा म्हणजे हॅश. कुठलाही मजकूर एका ठरावीक गणिती चरकातून काढला की एक लांबलचक आकडा मिळतो. मजकुरातला एक स्वल्पविराम हलवला तरी आकडा पार बदलतो, आणि नवा आकडा काय येईल हे आधी सांगता येत नाही. प्रत्येक पानावर मागच्या पानाचा हॅश लिहिलेला असतो. त्यामुळे जुन्या पानावर खाडाखोड केली, तर पुढची सगळी पानं बोंब मारतात.

नवं पान लिहायचं असेल तर त्याचा हॅश ठरावीक मर्यादेपेक्षा लहान यावा लागतो, म्हणजे त्याच्या सुरुवातीला भरपूर शून्यं हवीत. त्यासाठी पानातला एक आकडा बदलत राहायचं आणि नशीब आजमावायचं, दुसरा इलाज नाही. पहिल्या पानाच्या हॅशला दहा शून्यं होती, आता एकोणीस-वीस लागतात. हे कोडं सोडवू पाहणारे जगभरचे लोक, म्हणजे मायनर, मिळून सेकंदाला हजारो परार्ध वेळा हा जुगार खेळतात. एकं, दहं, शतं पाठ करताना शेवटी येणारा परार्ध आयुष्यात कधी वापरावा लागेल असं वाटलं नव्हतं, पण इथे तो कमी पडतो! मायनर वाढले तरी पान साधारण दहा मिनिटांनीच निघावं म्हणून दर २,०१६ पानांनंतर कोडं अवघड किंवा सोपं केलं जातं. ज्याला कोडं सुटेल तो पान लिहितो आणि नव्या बिटकॉइनचं बक्षीस घेतो. सुरुवातीला हे बक्षीस ५० होतं. साधारण चार वर्षांनी निम्मं होत होत एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ वर आलंय. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या पलीकडे जाणार नाहीत.

थोडक्यात, हात वर करणं फुकट असतं, वीज फुकट नसते. खोटं पान लिहिलं तर बाकीचे ते नाकारतात आणि विजेचं बिल तेवढं अंगावर पडतं. पण प्रामाणिक पानांनाही तेवढीच वीज लागते. केंब्रिज विद्यापीठाचा अंदाज वर्षाला शंभर टेरावॅट-तासांच्या वर आहे, म्हणजे आपल्या बिलाच्या भाषेत दहा हजार कोटी युनिट. सेकंदाला जेमतेम सात व्यवहार नोंदवणाऱ्या वहीसाठी मला हे फार वाटतं.

लाइटकॉइन (२०११) हा बिटकॉइनचाच धाकटा भाऊ. पान अडीच मिनिटांत, चरक वेगळा. डॉजकॉइन २०१३ मध्ये चक्क थट्टा म्हणून निघालं. त्याला कमाल मर्यादा नाही, आणि २०१४ पासून लाइटकॉइनचे मायनर जाता जाता त्याचीही पानं लिहून देतात.

खरा वेगळा रस्ता धरला इथेरियमने, म्हणजे इथर हे नाणं ज्या वहीत फिरतं तिने, जुलै २०१५ मध्ये. बिटकॉइनच्या वहीत ‘शिल्लक’ असा रकानाच नसतो. तिथे असतात न मोडलेल्या नोटा: मला आलेली पाचची नोट मी मोडतो, तीन तुम्हाला देतो, दोनची नवी नोट मला परत येते. इथेरियमची वही पासबुकासारखी आहे, खातं आणि शिल्लक. शिवाय त्या वहीत प्रोग्रॅमही ठेवता येतात. अमुक झालं की तमुकला पैसे द्या, हे मग कुणा माणसाला सांगावं लागत नाही.

हे किती अंगाशी येऊ शकतं ते जून २०१६ मध्ये दिसलं. ‘द डाओ’ नावाचा सामायिक निधी अशाच एका प्रोग्रॅमवर चालत होता. त्यात पैसे आधी दिले जात आणि खात्यातून नंतर वजा होत. या दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत कुणीतरी पुन्हा पुन्हा मागणी करत राहिलं आणि सुमारे ३६ लाख इथर वळते केले. काकू अशी चूक करणार नाहीत. त्या आधी वहीत लिहितात, मग पाकीट देतात.

मग वाद पेटला. वहीतलं बदलायचं नाही हे तर मूळ तत्त्व. तरीही बहुतेकांनी २० जुलैला निधी परत फिरवणारी नवी वही स्वीकारली. ज्यांना ते पटलं नाही ते जुनीच वही पुढे लिहीत राहिले. ती म्हणजे इथेरियम क्लासिक. दोन्हीचं तंत्र तेव्हा जवळपास सारखं, पण क्लासिककडे मायनर कमी उरले. ऑगस्ट २०२० मध्ये, एकाच महिन्यात तीनदा, निम्म्याहून जास्त संगणकशक्ती हाताशी धरून तिची लिहून झालेली पानं बदलली गेली. दोन नाण्यांची तुलना करताना लोक वेग आणि शुल्क बघतात. मी आधी बघेन की वहीवर पहारा किती आहे.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंग बंद केलं. आता ३२ इथर अनामत ठेवणाऱ्यांतून दर बारा सेकंदांनी चिठ्ठी निघते, ज्याची निघेल तो पान लिहितो, आणि लबाडी केली तर अनामतीतून कापून घेतात. विजेचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. धावत्या गाडीचं इंजिन बदलावं तसं ते काम होतं, आणि गाडी थांबली नाही. टीका एवढीच, की ज्याच्याकडे जास्त त्यालाच जास्त पानं मिळतात.

सोलाना (२०२०) आणखी वेगवान, सेकंदाच्या आत पान. पण त्यासाठी दणकट सर्व्हर लागतात, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये गर्दीने सगळी वही १७ तास ठप्प झाली होती. टेदरसारखी डॉलरला बांधलेली नाणी या वह्यांवर फिरतात खरी, पण डॉलरचा साठा एका कंपनीकडे असतो आणि ती एखाद्याची नाणी गोठवूही शकते. फिरून काकूंकडेच.

पॉलिगॉन आपल्या जवळचं. २०१७ मध्ये भारतीय तरुणांनी मॅटिक या नावाने ते सुरू केलं, आणि त्याच्या चाचणीच्या जाळ्याचं नाव होतं ‘मुंबई’. व्यवहार स्वतःच्या स्वस्त वहीत लिहायचे आणि ठरावीक वेळाने त्यांची खूण इथेरियमवर नोंदवायची, अशी त्याची रीत. २०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रांसाठी याच वहीचा उपयोग करायचं ठरलं. कल्पना अशी की प्रमाणपत्राची खूण तिथे राहावी आणि नंतर कुणी कागदात फेरफार केला तर तो पकडला जावा. मात्र प्रमाणपत्रावरचं आडनाव कार्यालयात मुळातच चुकीचं टाइप झालं असेल, तर वही ती चूकही तितक्याच निष्ठेने जपते.