डोळे थकणं वेगळं, नंबर वाढणं वेगळं

तो चीनच्या शाळेचा व्हिडिओ परत फिरायला लागलाय. अख्खा वर्ग डोळे मिटून भुवया नि नाकाचा कोपरा दाबतोय, स्पीकरवर म्युझिक आणि आकडे मोजणारा आवाज, आणि खाली लिहिलेलं असतं की म्हणून तिकडच्या पोरांना चष्मा लागत नाही. अहो, 2018 च्या सरकारी पाहणीत तिथल्या 53.6 टक्के मुलांना मायोपिया, म्हणजे लांबचं धूसर दिसणारा मायनस नंबर, निघाला, हायस्कूलच्या वरच्या वर्गांत तर 81 टक्के! आणि हा व्यायाम तिथे 1963 पासून चालू आहे, बहुतेक शाळांत दिवसातून दोनदा, पाचेक मिनिटं. 2008 साली बीजिंगमध्ये तो बदलला, कानाच्या पाळ्या चोळणं आणि पायाची बोटं आवळणं वाढवलं. बुटातल्या बोटांनी डोळ्याचा नंबर कसा उतरणार ते मला अजून कळलेलं नाही.

थकवा सगळ्यांना माहीत आहे, त्यावर जास्त बोलत नाही. जवळचं बघत राहिलं की डोळ्याच्या आतला, फोकस जुळवणारा स्नायू आवळलेला राहतो, पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, कपाळ दुखतं. पाच मिनिटं डोळे मिटून बसलं तरी बरं वाटतं, मालिशने अजून छान वाटत असेल. हात धुवून करा म्हणजे झालं.

नंबरचं गणित मात्र लांबीचं आहे. मायोपियात बहुतेक मुलांचा डोळा मागच्या बाजूला लांब होत जातो, त्यामुळे लांबचं चित्र डोळ्यातल्या मागच्या पडद्याच्या आधीच जुळतं. एक मिलिमीटर लांबी वाढली की साधारण अडीच-तीन नंबर. वाढलेली लांबी भुवया चोळून परत येत नाही, दुसऱ्या कशानेही येत नाही.

मग "आमच्या पिंट्याचा नंबर व्यायामाने उतरला" म्हणणारे खोटं बोलतात का? नाही, आणि खरा घोळ इथेच आहे. तो आवळलेला स्नायू कधीकधी सुटतच नाही, तेव्हा मशीनवर खोटा मायनस नंबर येतो, किंवा खरा आहे त्यापेक्षा जास्त येतो. आराम मिळाला, सुट्टी लागली की तो खोटा भाग जातो आणि श्रेय व्यायामाला. म्हणून लहान मुलाचा पहिला नंबर स्नायू सैल करणारे ड्रॉप टाकूनच काढायचा. ड्रॉपने दिवसभर धूसर दिसतं म्हणून नको म्हणणारे पालक आणि पाच मिनिटांत मशीनवर बघून चष्मा देणारी दुकानं, दोन्हींचा मला वैताग आहे.

मायोपिया लागायचा टाळायला पुरावा आहे तो उन्हाचा, म्हणजे घराबाहेर असण्याचा. चीनमधल्याच ग्वांगझू शहरातल्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं बाहेरचा जादा तास दिला, तीन वर्षांनी नव्याने मायोपिया झालेली मुलं 30.4 टक्के, बाकी शाळांत 39.5. घरातला उजेड काही शे लक्स (उजेड मोजायचं एकक), बाहेर ढग असले तरी हजारोंमध्ये. तैवानने 2010 पासून रोज दोन तास बाहेर असा कार्यक्रमच शाळांत घेतला. ज्याला नंबर लागूनच गेलाय त्याच्यासाठी मैदान पुरत नाही, तिथे नंबर वाढायचा वेग कमी करण्यासाठीचे कमी ताकदीचे ॲट्रोपिन ड्रॉप किंवा खास लेन्स हे डोळ्यांच्या डॉक्टरने ठरवायचं. आणि तोवर चष्मा पूर्ण नंबरचाच घाला, "सवय लागेल" म्हणून कमी नंबरचा घेऊ नका, त्याने काही थांबत नाही, फक्त फळा दिसत नाही.