सीडी लेबलवर गीतयादी आयात करणे (बेळगाव सीमाभाग)

सीडीचे गोल लेबल आणि डबीची कव्हरे बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अल्बमचे नाव, गायक, गाण्यांची नावे, क्रम व वेळ हाताने टाइप न करता दुसऱ्या ठिकाणाहून भरून घेण्याची पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण किंवा शाळेचे स्नेहसंमेलन यांच्या सीडीवर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्या लागतात. त्यामुळे इथे आयातीचा खरा प्रश्न यादी मिळवण्याचा नसून अक्षरे शाबूत उतरवण्याचा असतो.

माहितीचे स्रोत. ऑडिओ सीडीच्या सुरुवातीला फक्त गाणी कुठे सुरू होतात याची सारणी असते, नावे नसतात. या सारणीत सेकंदाचे ७५ भाग धरतात. त्या आकड्यांवरून एक ओळखक्रमांक काढून सॉफ्टवेअर तो इंटरनेटवरील संग्रहात शोधते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या सीडीडीबी या संग्रहापासून ही रीत आहे. तिचाच पुढचा फाटा असलेला फ्रीडीबी २०२० मध्ये बंद पडला, म्हणून जुन्या लेबल प्रोग्रॅममधील ‘ऑनलाइन शोधा’ हे बटण आज बरेचदा नुसतेच चूक दाखवते. म्युझिकब्रेन्झ हा तसाच दुसरा संग्रह चालू आहे, पण गावातल्या मंडळाची सीडी तिथे कोणी नोंदवलेलीच नसते. शिवाय फ्रीडीबीच्या ओळखक्रमांकात एकूण सेकंद, गाण्यांची संख्या आणि एक छोटी बेरीज एवढेच असल्याने भलत्याच अल्बमशी जुळणी होण्याचा धोका होता. स्थानिक सीडीसाठी या मार्गावर वेळ घालवू नये.

सीडी-टेक्स्ट म्हणजे सीडीवरच लिहिलेली नावे. त्यात युनिकोड (सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याची संगणकी पद्धत) नाही, म्हणून देवनागरी वा कन्नड बसत नाही. रोमन लिपीतील नावेच मिळतात, तीही ड्राइव्ह वाचू शकत असेल तर. एमपीथ्री सीडीवर गाण्यांची सारणी नसतेच, तिथे फाइलींचे टॅग, म्हणजे प्रत्येक फाइलीत लिहिलेली गाण्याची माहिती, वाचावे लागतात. जुन्या पद्धतीच्या टॅगमध्ये (आयडीथ्री, पहिली आवृत्ती) गाण्याच्या नावाला ३० बाइट असतात. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या प्रकारात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते आणि काना-मात्रा व हलन्त वेगळे मोजले जातात, त्यामुळे जेमतेम १० चिन्हांत नाव तुटते. दुसऱ्या आवृत्तीच्या टॅगला ही अडचण नाही. कारच्या प्लेअरवर देवनागरी अनेकदा उमटत नाही. म्हणून टॅग रोमनमध्ये आणि लेबल देवनागरीत ठेवणे सोयीचे पडते, पण मग लेबलसाठी टॅगवर विसंबता येत नाही.

तक्ता करून आयात. सर्वांत भरवशाचा मार्ग हाच. स्प्रेडशीटमध्ये पाच रकाने करावेत: क्रमांक, मराठी नाव, कन्नड नाव, गायक, वेळ. टाइप करण्यापूर्वीच सर्व रकाने ‘टेक्स्ट’ प्रकारात घ्यावेत. तसे न केल्यास ४:३५ ही वेळ पहाटेचे चार वाजून पस्तीस मिनिटे समजून घेतली जाते आणि लेबलवर ०४:३५:०० छापून येऊ शकते. क्रमांक ०१, ०२ असे लिहावेत, नाहीतर क्रमवारीत १ नंतर १०, ११ येऊन २ खाली जातो.

फाइल टॅबने विभागलेली ‘युनिकोड टेक्स्ट’ किंवा स्वल्पविरामाने विभागलेली ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून जतन करावी. गाण्याच्या नावातच स्वल्पविराम असेल तर टॅबच बरा. लेबल सॉफ्टवेअरमध्ये आयात करताना विभाजक (टॅब की स्वल्पविराम) आणि एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याचा प्रकार, जसे यूटीएफ-८) निवडावे, शीर्षकाची पहिली ओळ वगळावी आणि कोणता रकाना कुठल्या जागी जाणार ते जोडून द्यावे. दुसऱ्या भाषेसाठी वेगळी जागा नसेल तर कन्नड नाव ‘संगीतकार’ या जागेत टाकून चालते. मात्र छापण्यापूर्वी त्या जागी आपोआप येणारा ‘संगीतकार’ हा शब्द काढायला विसरू नये. प्लेलिस्ट फाइल वापरायची तर ती यूटीएफ-८ प्रकारचीच हवी. तिच्यात गायक आणि गाणे यांच्यामध्ये आडवी रेघ असते, म्हणून नावातच आडवी रेघ असली की नाव चुकीच्या जागी तुटते.

अक्षरे बिघडली तर. बिघाड कोणता आहे हे नुसते बघूनच कळते. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याला चिकटून चलनाची किंवा येनची खूण असा जोड पुन्हा पुन्हा दिसला, तर देवनागरी मजकूर यूटीएफ-८ न समजता वाचला गेला आहे. कन्नडच्या बाबतीत त्याच ‘ए’पाठोपाठ वर चढवलेला लहान २ किंवा ३ दिसतो. दोन्हीत माहिती शाबूत असते. एन्कोडिंग बदलून पुन्हा आयात करावी. रिकामे चौकोन आले तर फक्त फॉन्ट नाही असे समजावे. विंडोज ८ पासून येणाऱ्या निर्मला यूआय या फॉन्टमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत. पण प्रश्नचिन्हे आली की मूळ अक्षरे गेलेली असतात, तिथे दुरुस्ती होत नाही, मूळ तक्त्याकडेच परतावे लागते.

डीटीपी सेंटरमधून आलेला मजकूर अनेकदा श्रीलिपीच्या किंवा कन्नडसाठीच्या जुन्या नुडीच्या फॉन्टमध्ये असतो. तो युनिकोड नसल्याने फॉन्ट बदलताच रोमन अक्षरे व खुणांची रांग दिसते. आधी परिवर्तकातून (असा मजकूर बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममधून) युनिकोड करून घ्यावा आणि रफार, ‘ऱ्या’ व जोडाक्षरे एकेक तपासावीत. परिवर्तक चुकतो तो बहुधा इथेच.

छपाईची मांडणी. सीडीचा व्यास १२० मिमी, कागदी लेबलचा साधारण ११७ मिमी. नेहमीच्या डबीचे मागचे कव्हर दोन्ही कण्यांसह (बाजूच्या दुमडलेल्या अरुंद पट्ट्यांसह) सुमारे १५१ × ११८ मिमी, प्रत्येक कणा सुमारे ६.५ मिमी. देवनागरीला वर मात्रा-रफार आणि खाली उकार असल्याने ९ पॉइंट अक्षराला १२ पॉइंटची ओळ द्यावी. वर-खाली ५ मिमी सोडून २५ ओळी बसतात, म्हणजे १२ गाणी दोन्ही भाषांत आरामात मावतात.

गोलाकार मजकूर हा मोठा सापळा आहे. काही प्रोग्रॅम प्रत्येक चिन्ह सुटे करून कमानीवर ठेवतात. मग ‘विठ्ठल’मधली वेलांटी ‘व’च्या पुढे निसटते, आणि ‘ठ्ठ’ फुटून हलन्ताची खूण उघडी पडते. असे झाले तर ते नाव चित्र म्हणून बनवून लावावे किंवा सरळ ओळीत घ्यावे. इंकजेटने थेट छापलेली सीडी, विशेषतः पावसाळ्यात, २४ तास वाळू द्यावी. कागदी लेबल मात्र फटीतून सीडी ओढून घेणाऱ्या कार प्लेअरसाठी लावू नये. ते सुटून आत अडकते.

प्रती काढण्यापूर्वी साध्या कागदावर एक लेबल छापून मराठी वाचणाऱ्याकडून एकदा आणि कन्नड वाचणाऱ्याकडून एकदा गायकांची नावे तपासून घ्यावीत. आयात झालेला मजकूर दिसायला नीट असला तरी तक्त्यातील ओळ एकाने सरकली की सगळ्या गाण्यांना शेजारच्या गायकाचे नाव लागते, आणि ही चूक संगणक दाखवत नाही.