मंदी आणि सीमाभागातली दुचाकी : पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात दुचाकी ही चैनीची वस्तू राहून फार वर्षं झाली. येळ्ळूर-कडोलीचा कामगार बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला पोचतो तो दुचाकीवर. शेतातली भाजी मार्केटला जाते ती दुचाकीवर, आणि महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या कारखान्यासाठी रोज सीमा ओलांडणारा पोरगाही दुचाकीवरच असतो. म्हणून मंदी आली की इथे गाडी फिरायची थांबत नाही. नवी घेणं पुढे ढकललं जातं आणि जुनीवरचा खर्च वाढत जातो. हे पूर्वीही घडलं होतं, पण 2018 नंतरचा फटका सगळ्यांत खोल बसला. कमाई आटत असतानाच गाडीची किंमत, विमा आणि पेट्रोल तिन्ही चढत गेले.

ऐंशीच्या दशकापर्यंत खेडोपाडी राजदूत, म्हैसूरच्या कारखान्यातली येझदी, लुना आणि एम-80 यांचंच राज्य होतं. 1985 मध्ये हिरो होंडाची शंभर सीसीची चार स्ट्रोक गाडी आली, 1994 मध्ये स्प्लेंडर आली आणि लिटरला किती जाते हा गाडी घेतानाचा पहिला प्रश्न झाला. उसाचं बिल हातात पडलं की गाडी, हा क्रम त्यानंतर पक्का झाला. नव्वदीच्या अखेरीपासून खासगी बँका आणि फायनान्स कंपन्या शोरूममध्येच हप्त्यावर गाडी द्यायला टेबल टाकून बसू लागल्या, मग बिलाचीही वाट बघायची गरज उरली नाही.

पहिला मोठा झटका याच हप्त्याच्या बाजूने बसला. जगभरची मंदी 2008 च्या सप्टेंबरनंतरची मानतात, पण दुचाकीची विक्री त्याआधीच पडली होती. 2006-07 मध्ये देशात सुमारे 78.7 लाख दुचाकी खपल्या, 2007-08 मध्ये 72.5 लाख. व्याज चढलं, हप्ते थकले आणि बँकांनी छोट्या कर्जातून हात आखडता घेतला. सीमाभागाला त्या वेळी पतसंस्था आणि सौहार्द (सहकारी) सोसायट्यांचा आधार होता. तिथला संचालक ओळखीचा, जामीनदार गल्लीतला. सरकारने अबकारी कर कमी केला, गाडी पुन्हा चालायला लागली आणि 2009-10 मध्ये विक्री 93.7 लाखांवर गेली. ती मंदी इथे फार काळ रेंगाळली नाही.

2016 च्या नोटाबंदीची गोष्ट वेगळी. तंबाखू, भाजी, विटा, यंत्रमाग हे सगळे रोखीचे धंदे. त्या डिसेंबरमध्ये देशातली दुचाकी विक्री आदल्या वर्षीच्या तुलनेत 22 टक्क्यांनी घसरली. मार्च 2017 च्या अखेरीस बीएस-3 या जुन्या प्रदूषण मानकाच्या गाड्या खपवण्यासाठी कंपन्यांनी हजारो रुपयांची सूट दिली तेव्हा शोरूमसमोर रांगा लागल्या. माझ्या मते मागणी मेलेली नव्हती, ती किमतीसाठी अडून बसली होती, हे त्या दोन दिवसांत दिसलं.

त्यानंतर मात्र किंमत वरच जात राहिली. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरणं सक्तीचं झालं. 75 ते 150 सीसीच्या गाडीला वर्षाचे 720 रुपये लागायचे, तिथे पहिल्याच दिवशी 3,285 मोजावे लागले. अपघातग्रस्तांच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता, पण गाडी घेणाऱ्याला ती रक्कम डाउन पेमेंटसोबत उभी करावी लागली. त्याच महिन्यात आयएल अँड एफएस या बड्या वित्त कंपनीच्या थकलेल्या कर्जांचं प्रकरण फुटलं आणि फायनान्स कंपन्यांकडचा पैसा आटला. एप्रिल 2019 पासून एबीएस-सीबीएस या सुरक्षित ब्रेकचे नियम पूर्ण लागू झाले, एप्रिल 2020 पासून बीएस-6. वर 28 टक्के जीएसटी होताच. 2018 मध्ये शोरूमला 50 हजारांच्या आसपास मिळणारी शंभर सीसीची साधी गाडी 2022 मध्ये 70 हजारांच्या पुढे गेली. कर्नाटकात आजीवन कर किमतीच्या टप्प्यांवर बसतो : 50 हजारांपर्यंत 10 टक्के, एक लाखापर्यंत 12, त्यापुढे 18. म्हणजे किंमत वाढली तशी गाडी करातही वरच्या टप्प्यात सरकली. महाराष्ट्रात हा कर सीसीवर आहे आणि नेहमीच्या गाड्यांना 10-11 टक्क्यांतच भागतं. कोल्हापूरच्या एमएच-09 पासिंगचा मोह सीमेवरच्या गावांत का होतो, ते इथे कळतं. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथली नोंदणी घ्यावी लागते, हे मात्र अनेकांना दंडाची पावती हातात पडल्यावर समजतं.

हप्त्याचा हिशोबही मांडून बघावा. 70 हजारांचं कर्ज, दोन वर्षं, 10 टक्के फ्लॅट. व्याज 14 हजार, हप्ता 3,500. ऐकायला 10 टक्के, पण मुद्दल दर महिन्याला फिटत असतानाही व्याज पूर्ण रकमेवर लागत असल्याने खरा दर 18 टक्क्यांच्या आसपास पडतो. ओव्हरटाइम चालू असताना हे खपून जातं.

आणि बेळगावात तो ओव्हरटाइमच वाहनांवर अवलंबून. उद्यमबाग आणि मच्छेतल्या अनेक फाउंड्र्या, मशीन शॉप वाहन उद्योगासाठी कास्टिंग आणि सुटे भाग करतात. गाड्या खपेनात की ऑर्डर कमी, आणि ऑर्डर कमी झाली की पहिला ओव्हरटाइम जातो. गाडीचा भाग घडवणारा आणि गाडी घेणारा इथे अनेकदा एकाच घरातला असतो, म्हणून वाहन उद्योगातली मंदी या शहराला दुहेरी लागते. ऑगस्ट 2019 मध्ये देशातली दुचाकी विक्री 22 टक्क्यांनी खाली होती. त्याच महिन्यात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेला पूर आला, यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर चढलं, ऊस दिवसेंदिवस पाण्यात उभा राहिला. त्या हंगामाच्या बिलातून गाडी निघणं अनेकांना शक्यच नव्हतं.

एप्रिल 2020 मध्ये लॉकडाऊनमुळे कंपन्यांकडून देशात एकही दुचाकी शोरूमला गेली नाही. 2018-19 मध्ये 2.12 कोटींवर असलेली वार्षिक विक्री 2021-22 मध्ये 1.35 कोटींपर्यंत उतरली. आधी झळ बसली ती शंभर सीसीच्या गाड्यांना, आणि सावरल्याही त्याच सगळ्यांत शेवटी.

मग लोकांनी जुनी गाडीच ओढली. चेन-स्प्रॉकेट, क्लच प्लेट, टायर ही कामं टाळता येत नाहीत. बोअर-पिस्टनचं काम निघालं की 'यंदा चालवून घेऊ' म्हणत ऑईल टाकत राहायचं. सेकंड गाडीचा भाव चढला, त्यातही कार्बोरेटरवाल्या बीएस-4 ला जास्त मागणी, कारण कार्बोरेटर कोपऱ्यावरचा मेस्त्री खोलून साफ करतो. बीएस-6 च्या इंजेक्शनमध्ये सेन्सर अडला तर स्कॅनर लागतो आणि तो प्रत्येक गॅरेजमध्ये नसतो.

पेट्रोलने उरलंसुरलं खाल्लं. रोज 40 किलोमीटर धावणाऱ्या गाडीला महिन्याला वीसेक लिटर लागतं. मे 2020 मध्ये 75 च्या आत असलेलं पेट्रोल ऑक्टोबर 2021 मध्ये 110 च्या वर गेलं, म्हणजे महिन्याला 700 रुपये जादा. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्राच्या पाच रुपयांच्या कपातीवर कर्नाटकाने आणखी सात रुपये कमी केले, महाराष्ट्राने तेव्हा केले नाहीत. महाराष्ट्रातल्या कागलकडच्या गाड्या कर्नाटकातल्या कोगनोळी-निपाणीच्या पंपावर दिसू लागल्या त्या यामुळे. जुलै 2022 मध्ये महाराष्ट्राने पाच रुपये उतरवले, जून 2024 मध्ये कर्नाटकाने तीन रुपये वाढवले आणि फरक फारसा उरला नाही.

2024-25 मध्ये देशातली विक्री 1.96 कोटींवर आली, तरी 2018-19 च्या खालीच. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. हा दिलासा 2019 मध्येच मिळायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं. शिवाय तो नवी गाडी घेणाऱ्यालाच मिळतो. 2009-10 मध्ये विक्री वाढली तेव्हा घेतलेल्या गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी 2024-25 पासून संपू लागली. नूतनीकरणाची फी एप्रिल 2022 पासून 300 वरून 1,000 रुपये झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट 2025 पासून ती 2,000 आहे.