अमेरिकेचा कायदा आणि मेरठचा अर्ज

अमेरिकन सैनिक लष्करातल्या आपल्या जुन्या कुत्र्याला मिठी मारतो, तो व्हिडिओ खानापूर-निपाणी भागातल्या फौजी घरांत फिरत असतो. मग सुट्टीवर आलेल्या जवानाला विचारणा सुरू: "तुझं कुत्रं का नाही आणलंस?"

निकामी झालेलं लष्करी कुत्रं मारून टाकायची रीत दोन्हीकडे होती. अमेरिकेत 2000 च्या कायद्याने दत्तक देणं सुरू झालं. आपल्याकडची रीत 2015 साली माहिती अधिकारातून उघड झाली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि धोरण बदललं.

गल्लत होते ती हक्काची. अमेरिकेत पसंतीचा क्रम कायद्यातच लिहिलाय: आधी जुना हँडलर, म्हणजे कुत्रं सांभाळणारा जवान, मग इतर. हँडलर लढाईत गेला असेल तर त्याचे आईवडील, जोडीदार, मुलं, भावंडं यांचाही त्यात उल्लेख आहे. डस्टिन ली हा मरीन, म्हणजे अमेरिकी नौदलाच्या भूदलातला हँडलर, 2007 साली इराकमध्ये मारला गेला. त्याचं कुत्रं लेक्स त्याच डिसेंबरात त्याच्या घरी पोचलं. आपल्याकडे असा कायदा नाही. कुत्रं आरव्हीसीचं, म्हणजे लष्कराच्या पशुवैद्यकीय दलाचं. निवृत्त झालं की मेरठच्या केंद्रात जातं आणि अर्ज करणाऱ्याला तिथून मिळतं. मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केली म्हणून कुत्र्यावर हक्क येत नाही. हँडलरची बदली होते, कुत्रं दुसऱ्याच्या हाताखाली जातं, आणि ते निवृत्त होईपर्यंत पहिला हँडलर भलत्याच ठिकाणी असतो. म्हणून युनिट सोडतानाच कुत्र्याचं नाव, लष्करी नंबर आणि युनिट लिहून ठेवावं, आणि वेळ आली की ते घालून मेरठला अर्ज करावा. नुसतं "काळं लॅब्रेडॉर होतं" म्हणून कुणी कसं शोधणार?

आणायची तयारीही आधीच करावी. रेल्वेत कुत्रं सोबत न्यायचं तर फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे किंवा केबिन घ्यावी लागते. नाहीतर ते गार्डच्या डब्यातल्या पेटीत. दिल्लीच्या निजामुद्दीन स्टेशनापासून बेळगाव दीड दिवस, त्यात म्हातारं, सांधे धरलेलं जनावर. उन्हाळ्यात तर पेटीचा विचारच नको. घरी फरशीवर पाय घसरतात, गोणपाट अंथरा. पावसाळ्यापूर्वी लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या रोगाची) लस, गोचिडांचं औषध. दिवाळीत फटाक्यांपासून लांब, आतल्या खोलीत ठेवा.

रानात मोकळं सोडून राखणीला हवं असेल तर अर्जच करू नका. त्या कामाला गावठी कुत्रंच चांगलं.