वाकणं वेगळं, तुटणं वेगळं: धातूची आणि फायबरची ताठरता कशी मोजतात

शिरपूरकडच्या एका केळी उत्पादक भावांनी खोडापासून धागा काढायचं यंत्र आमच्याकडून बनवून घेतलं होतं. दोन बेअरिंगमध्ये 1 मीटरचं अंतर, त्यात 40 मिलिमीटरचा शाफ्ट, त्यावर रोलर. खोडाचा पापुद्रा आत सरकला की शाफ्ट मधोमध दबायचा, फट वाढायची आणि धाग्याला गर चिकटून यायचा. ते आले आणि म्हणाले, "भाऊ, हाऊ शाफ्ट वाकस."

मी माइल्ड स्टीलचा, म्हणजे साध्या नरम पोलादाचा शाफ्ट काढून ईएन 24 चा (निकेल-क्रोमियम घातलेल्या मजबूत पोलादाचा), हार्ड-टेम्पर केलेला, म्हणजे तापवून-थंड करून कडक केलेला शाफ्ट टाकला. चांगला महाग. मग मधोमध 100 किलोचा भार देऊन डायल गेज (बारीक सरकणं काट्यानं दाखवणारं मापक) लावला. जुना शाफ्ट जवळपास 0.8 मिलिमीटर दबला होता. नवाही तेवढाच दबला. त्या दिवशी माझ्या चुकीमुळे त्यांचे पैसे वाया गेले, आणि ती चूक मी नंतर इतक्या जणांना करताना पाहिली आहे की सविस्तर लिहावंसं वाटलं.

आपण बोलताना 'दणकट' म्हणतो तेव्हा दोन वेगळे गुण एकाच शब्दात कोंबतो. पहिला गुण म्हणजे ताठरता: इतका भार दिला तर वस्तू किती लवेल, आणि भार काढला की परत जागेवर येईल. दुसरा म्हणजे मजबुती: किती भाराला ती कायमची वाकेल किंवा तुटेल. ताठरतेचं माप म्हणजे यंगचा गुणांक. रॉबर्ट हूकनं 1678 मध्ये ताण आणि वाढ एका प्रमाणात असतात हे मांडलं, आणि थॉमस यंगच्या 1807 सालच्या व्याख्यानांमुळे त्या गुणांकाला त्याचं नाव चिकटलं.

स्टील कुठलंही घ्या, साधं, ईएन 8, ईएन 24, हार्ड केलेलं किंवा नरम, हा गुणांक 200 ते 210 गिगापास्कलच्या (ताणाचं एकक, 1 गिगापास्कल म्हणजे 1000 मेगापास्कल) आसपासच राहतो. मजबुती मात्र कुठल्या कुठे जाते. साध्या स्टीलचा कायमचं वाकण्याचा बिंदू 250 मेगापास्कलला येतो, तर हार्ड-टेम्पर केलेल्या ईएन 24 चा 600 च्या पुढे. कारण सोपं आहे. ताठरता ठरते अणू एकमेकांना किती घट्ट धरून आहेत त्यावरून, आणि चिमूटभर कार्बन, निकेल, क्रोमियम घातल्यानं ती धरून ठेवण्याची ओढ फारशी बदलत नाही. मजबुती ठरते अणूंचे थर एकमेकांवरून किती सहज घसरतात त्यावरून, आणि तिथं चिमूटभर मिश्रणही वाटेतल्या दगडासारखं काम करतं. लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा तो ही घसरण अडवत असतो. विळ्याची धार टिकते, पण पातं लवायला जितकं आधी लवायचं तितकंच लवतं.

माझ्या शाफ्टवर 100 किलोला ताण येत होता जेमतेम 39 मेगापास्कल. मजबुतीचा प्रश्न तिथं नव्हताच.

आता मोजायचं कसं. सगळ्यात सोपी रीत घरीही करता येते. 25 बाय 5 मिलिमीटरची सपाट पट्टी दोन विटांवर 1 मीटर अंतरानं ठेवा आणि मधोमध 2 किलोचं वजन टांगा. स्टीलची पट्टी साधारण साडेसात मिलिमीटर खाली येते. त्याच मापाची ॲल्युमिनियमची पट्टी 22 च्या आसपास, कारण तिचा गुणांक 70 गिगापास्कल, म्हणजे स्टीलच्या तिसऱ्या हिश्शाचा. काचतंतू लांबीच्या दिशेनं घालून रेझिननं (घट्ट होणाऱ्या राळेनं) बांधलेली फायबरची पट्टी 35 पर्यंत उतरते. वजन काढलं की तिन्ही पट्ट्या सरळ. ही फूटपट्टीनं दिसणारी ताठरता आहे, आणि यात काहीही तुटलेलं नाही.

प्रयोगशाळेत मात्र नमुना यूटीएम यंत्रात, म्हणजे खेचून चाचणी घेणाऱ्या यंत्रात धरून खेचतात. तिथं दोन्ही उत्तरं ताण आणि वाढीच्या एकाच आलेखातून मिळतात, आणि गोंधळही तिथूनच सुरू होतो. आलेखाच्या सुरुवातीच्या सरळ रेषेचा चढ म्हणजे ताठरता, आणि आलेख किती उंच जातो ती मजबुती. उंची काढायला यंत्राचा भारमापक पुरतो. चढ काढायला नमुन्याची खरी वाढ कळावी लागते, आणि ती फार बारीक असते. स्टीलच्या 50 मिलिमीटर लांबीवर 100 मेगापास्कलचा ताण दिला तर वाढ होते 0.024 मिलिमीटर, केसाच्या जाडीहूनही कमी. यंत्राचा जबडा तेवढ्यात त्याहून किती तरी जास्त सरकलेला असतो, कारण जबड्याचे दात नमुन्यात रुततात आणि यंत्राचे खांबही थोडे ताणले जातात. जबड्याच्या सरकण्यावरून गुणांक काढला तर चांगल्या स्टीलचाही 40-50 गिगापास्कल निघतो. असा रिपोर्ट मी स्वतः हातात घेतला आहे. त्यात मजबुतीचा आकडा अगदी बरोबर होता आणि खालच्या ओळीतला गुणांक साफ खोटा. म्हणून नमुन्याची वाढ थेट मोजायला त्याच्यावरच एक्स्टेन्सोमीटर चिमटून लावावा लागतो किंवा स्ट्रेन गेज चिकटवावा लागतो. धातूच्या गुणांकासाठी एएसटीएम (चाचण्यांचे मानक ठरवणारी संस्था) ची ई 111 ही वेगळी पद्धत आहे ती यासाठीच.

फायबरकडे वळलं की प्रश्नच बदलतो. धातूला 'तुझी ताठरता किती' असं विचारता येतं, फायबरला 'कुठल्या दिशेनं' हेही विचारावं लागतं. ही गोष्ट आपल्या रावेर-यावलकडच्या शेतकऱ्याला नव्यानं सांगायला नको. वाऱ्यापासून घड वाचवायला केळीला जो बांबूचा टेकू देतात, तो उभा भार घेतो, लवतो, पण सहसा मोडत नाही. त्याच बांबूत कोयता उभा घातला की एका घावात चिरतो. धागे सगळे लांबीनं आहेत, त्यांना एकमेकांशी बांधणारा गाभा मऊ आहे.

काचतंतूच्या फायबरमध्येही तेच. काचेच्या तंतूचा गुणांक 72 गिगापास्कल, रेझिनचा साधारण 3. तंतू 60 टक्के आणि सगळे एकाच दिशेला असतील तर लांबीनं दोघं मिळून भार घेतात आणि गुणांक 44 च्या आसपास येतो. आडव्या दिशेनं मात्र मऊ रेझिनच आधी ताणलं जातं, तंतू असून नसल्यासारखे. साध्या हिशोबानं तिथं 7 गिगापास्कल येतो. एकाच पट्टीत सहापटीचा फरक. म्हणून धातूला ताठरतेचे दोन स्थिरांक (ठरलेले आकडे) पुरतात आणि एकदिश फायबरच्या पातळ थराला चार लागतात: लांबीचा, आडवा, कातरीचा (तिरपं सरकवणाऱ्या भाराचा), आणि एका दिशेनं ताणलं तर दुसऱ्या दिशेनं किती आकसतो याचा. कातरीचा काढायला तंतू 45 अंशांत तिरपे ठेवलेला नमुना खेचतात. नमुन्याच्या टोकांना टॅब, म्हणजे जबड्यात धरायच्या चपट्या पट्ट्या चिकटवतात, नाहीतर जबडाच तंतू चुरडून टाकतो आणि तुटतं ते जबड्यात. नमुना कापताना करवत दोन-तीन अंश तिरपी गेली तरी आकडा घसरतो. धातूत एवढ्या तिरकेपणानं बहुधा काहीच बिघडलं नसतं.

आणि आपल्याकडचं ऊन. भुसावळला मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, पत्र्याच्या शेडखाली त्याहून वर. स्टीलला त्याचं काही वाटत नाही. फायबरचे तंतूही निर्धास्त असतात. पण रेझिन नरम पडू लागतं आणि आडवी व कातरीची ताठरता उतरते. प्रयोगशाळेचा आकडा बहुतेक वेळा 23 अंशांना काढलेला असतो, त्यामुळे खान्देशात बसवायच्या वस्तूसाठी रिपोर्टवर तापमान लिहिलेलं आहे का ते मी आधी पाहतो.

न खेचता, वाजवूनही ताठरता मोजता येते, आणि ही रीत मला सगळ्यात आवडते. दांडी दोन दोऱ्यांवर टांगायची, हलका ठोका द्यायचा आणि स्वर मोजायचा. ताठ वस्तू लवकर परत फिरते म्हणून स्वर चढा, जड वस्तू आळसानं हलते म्हणून उतरा. वजन आणि मापं माहीत असली की स्वरावरून गुणांक निघतो. एएसटीएम ई 1876 ही पद्धत याच तत्त्वावर आहे. एकाच मापाच्या स्टील आणि ॲल्युमिनियमच्या दांड्या वाजवून बघा, स्वर जवळजवळ सारखा येतो. ॲल्युमिनियम तिप्पट लवतं, पण जवळपास तितक्याच पटीनं हलकंही आहे. धातूत खेचून काढलेला आणि वाजवून काढलेला गुणांक जवळपास जुळतात. फायबरमध्ये वाजवून काढलेला थोडा जास्त येऊ शकतो, कारण रेझिन झटक्याला जास्त ताठ वागतं आणि सावकाश भाराला सैल पडतं.

पण ठोक्यातून मजबुतीचा आकडा निघत नाही. माठ घेताना आपण टिचकी मारतो, रेल्वेत चाकावर हातोडी मारून ऐकायची जुनी रीत होती, ती तडा शोधण्यासाठी. तडा असेल तर आवाज बद्द येतो. दोन्ही माठ खणखणीत वाजले तर त्यातला कुठला जास्त दणका सोसेल हे टिचकी सांगत नाही.

हा फरक सध्या जास्त महत्त्वाचा वाटायचं कारण म्हणजे बांधकामातल्या फायबरच्या सळया. 'लोखंडापेक्षा दुप्पट मजबूत' असं सांगून विकतात. खेचण्याच्या मजबुतीबाबत ते खोटं नाही. पण काचतंतूच्या सळईची ताठरता स्टीलच्या साधारण चौथ्या हिश्शाची असते. स्लॅब तुटायच्या आधी झोळ घेईल, तडे रुंद होतील. शिवाय स्टील आधी वाकून इशारा देतं, ही सळई शेवटपर्यंत सरळ ताणली जाते आणि एकदम तुटते. गंज लागत नाही हा तिचा खरा मोठा गुण, खाऱ्या जमिनीत तिला जागा आहेच. फक्त लोखंडाच्या जागी तेवढ्याच जाडीची घालू नका. विकणाऱ्याकडे दोन वेगळे आकडे मागा, आणि ताठरतेवर पुन्हा हिशोब करून घ्या.

शिरपूरच्या यंत्राचं पुढे असं झालं. वाकणं व्यासाच्या चौथ्या घातानं कमी होतं. 40 च्या जागी 50 मिलिमीटरचा साधाच माइल्ड स्टीलचा शाफ्ट बसवला, बेअरिंग आणि हाउसिंग बदलली. त्याच 100 किलोला डायल गेजचा काटा 0.3 च्या किंचित पुढे थांबला. धागा कोरडा, सुटा निघाला. ईएन 24 चा शाफ्ट मी स्वतःच्या खर्चानं परत घेतला. तो अजून शेडच्या कोपऱ्यात उभा आहे, आणि नवीन पोरगं कामाला आलं की त्याला मी आधी त्या शाफ्टखाली डायल गेज लावायला सांगतो.